कृत, कारित आणि ‘मान्यतेस्तव सादर’

‘सिस्टीमनं घेतलं नाही’ हे वाक्य महसूल खात्यात आता इतकं रुळलंय की ते ऐकून कोणी मानसुद्धा वर करत नाही. पूर्वी ‘साहेब दौऱ्यावर आहेत’ असायचं, त्याही आधी ‘दप्तर जिल्ह्याला गेलंय’. पण साहेब दौऱ्यावरून परत यायचे आणि दप्तरही आज ना उद्या यायचंच. सिस्टीम कुठून परत यायची? सगळं तिनं केलं म्हटलं की बाकीच्यांनी हात झटकून जेवायला जावं.

मी नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. हल्ली आमच्या कॉलनीत एकादशीला ज्ञानेश्वरीचं वाचन असतं, तिथे जाते. अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं येतात ना, तिथे पोचलो तेव्हा मला हसू आवरेना. ज्या जागी कर्म घडतं ती जागा, करणारा, त्याची साधनं, नाना तऱ्हेच्या हालचाली आणि पाचवं दैव. एवढे पाच हजर असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असं गीता पुढे सांगते. हे पाचही जण मी नोकरीभर रोज बघत आले. जागा म्हणजे कचेरी आणि तिच्या पलीकडचा कुठलासा सर्व्हर, साधन म्हणजे डोंगल, हालचाली म्हणजे फाईलीचं या टेबलावरून त्या टेबलावर जाणं, आणि दैव म्हणजे नेटवर्क. पुढच्याच श्लोकांत अहंकार सुटलेल्या माणसाला कर्म चिकटत नाही, अगदी हत्येचंसुद्धा, असा भाग आहे. गीतेतला सगळ्यात धोक्याचा श्लोक मला तोच वाटतो. आमच्या खात्यानं तो न वाचताच आचरणात आणलाय.

एक प्रकरण सांगते. तालुक्याचं नाव नको. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढत होते त्या काळातली गोष्ट. एका शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर गाव नमुना सहा-क मध्ये तीन वारस लागले होते, विधवा बायको आणि दोन मुलगे. फेरफारही मंजूर होता. संगणकावरच्या सातबाऱ्यात मात्र दोनच नावं आली. टाइप करणारा एजन्सीचा मुलगा होता, खाजगी कंत्राटावरचा. तलाठ्यानं तपासलं म्हणून नोंद होती. मंडळ अधिकाऱ्यानं त्यातले काही तपासले, वरच्यांनी त्यातले काही. वर जाता जाता तपासणीचं प्रमाण उतरत जातं ही रीतच आहे. चावडीवाचनही झालं. चावडीवाचनाला बायका येत नाहीत, आल्या तरी मागे उभ्या राहतात, आणि आपलं नाव वाचलं *गेलं नाही* हे ऐकू यायला फार तयार कान लागतो. मग काम पूर्ण आणि अचूक झाल्याची घोषणापत्रं झाली आणि सातबारा डिजिटल सहीचा झाला.

दोघा मुलांनी सोसायटीला इकरार करून दिला, कर्ज उचललं, बोजा चढला. आईची सही कोणी मागितली नाही, मागायचं कारणच नव्हतं. थकबाकीची नोटीस घरी आली तेव्हा बाईंना कळलं की जमिनीवर आपण नाहीच.

त्या कचेरीत आल्या तेव्हा दुरुस्तीचा अर्ज माझ्याकडे होता. बदलून आलेला नवा तलाठी त्यांना समजावत होता, “आक्का, तुमचं नाव सिस्टीमनं घेतलंच नाही बघा.” बाई म्हणाल्या, “भाऊसाहेब, सिस्टीम म्हंजे कोन? त्येला बोलवा की.” तलाठी हसला. मला हसता आलं नाही.

मी जुन्या लोकांना फोन लावले. एजन्सीचं कंत्राट संपलं होतं. जुना तलाठी म्हणाला, री-एडिटला दिलं होतं, तिथेच काहीतरी झालं असेल. मंडळ अधिकारी म्हणाले, माझ्या नमुन्यात तो गट नव्हता. त्याच्या वरचे म्हणाले, खालून बरोबर म्हणून आलं. सगळे खरं बोलत होते, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. वाल्या कोळ्याच्या घरच्यांनी त्याच्या पापात वाटा घ्यायला साफ नकार दिला होता. आमच्याकडे उलटं झालं. प्रत्येकानं आपला वाटा कबूल केला, पण तो इतका बारीक होता की सगळे मिळूनही एका बाईच्या नावाएवढे भरले नाहीत.

माझी एक मैत्रीण जयसिंगपूरची, जैन, कोषागारात होती. तिला हे सांगितलं तर ती म्हणाली, “आमच्याकडे तू सुटली नसतीस.” जैनांच्या हिशेबात कर्म तीन तऱ्हांनी लागतं: स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं, आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं. कृत, कारित, अनुमोदित. ते मनानं, वाणीनं की देहानं, हे वेगळं. नुसतं ठरवलं, तयारी केली की प्रत्यक्ष सुरू केलं, हे वेगळं. आणि क्रोध, मान, माया, लोभ यांपैकी कशापोटी, हे आणखी वेगळं. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार, 108. माळेच्या मण्यांचा हिशेब त्यांच्यात असा लावतात. पतंजलींच्या योगसूत्रांतही हिंसेचे हेच तीन प्रकार आहेत, तेव्हा ही काही एकाच पंथाची काटेकोरी नव्हे.

मनुस्मृतीशी माझं भांडण जुनं आहे आणि ते मिटवायची इच्छा नाही. पण तिच्या पाचव्या अध्यायात मांसासाठी जनावर मारलं तर घातक कोण कोण याची यादी आहे, ती मला महसुली डोक्यानं फार पटते. अनुमती देणारा, तुकडे करणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा, खाणारा. आठ जण, आणि आठही पूर्ण घातक. एकअष्टमांश असं कुठेच म्हटलेलं नाही. शिवाय यादीची सुरुवात सुरीवाल्यापासून होत नाही, अनुमती देणाऱ्यापासून होते.

आता ई-ऑफिसकडे या. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रानं केलेली ही प्रणाली मी शेवटची काही वर्षं वापरली आणि ती वाईट आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा कागदावर चालणाऱ्या राज्याची किंमत सगळ्यांना कळली. ई-ऑफिसमध्ये टिपणी आधी पिवळी असते, तोवर खोडा, बदला, टाकून द्या. पक्की होऊन फाईल पुढे गेली की ती हिरवी होते आणि मग ब्रह्मदेवालाही त्यात काना-मात्रा बदलता येत नाही. कोणी, कधी, किती वाजता, सगळं राहतं. कागदाच्या काळात टिपणीचं पान गायब व्हायचं, सही कोणाची हे ओळखायला जुना शिपाई लागायचा. आता कर्ता मिनिटापर्यंत सापडतो.

सापडतो, पण केलं काय म्हणून सापडतो? हिरव्या टिपणीवर टिपणी. पहिल्यानं चार परिच्छेद लिहिलेले, शेवटी ‘मान्यतेस्तव सादर’. त्यावर दुसऱ्याचं ‘सादर’. तिसऱ्याचं ‘वरीलप्रमाणे’. चौथ्याची नुसती सही. वरच्यानं खालच्याच्या भरवशावर सही केलेली असते, कारण मुळातलं त्यानं पाहिलं असणार. आणि खालच्यानं वरच्याच्या भरवशावर फाईल पाठवलेली असते, कारण चूक असेल तर साहेब परत पाठवतीलच. दप्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा सांगतो की फाईल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहू नये. चांगला कायदा आहे, लोकांचे हाल त्यानं कमी केले. पण आता कोणाकडे किती पडून आहे हे साहेबांना पडद्यावर दिसतं, आणि पुढे ढकललेली फाईल तिथे निकाली दिसते. वाचून ढकलली की न वाचता, याला पडद्यावर रकाना नाही.

माझी पुतणी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिच्याकडे काही बंद पडलं तर दुसऱ्या दिवशी सगळी टीम बसते आणि कोणाचंही नाव न घेता काय घडलं ते लिहिते. याला ते ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. मी म्हटलं, ही तर पळवाट झाली. ती म्हणाली, “काकू, नाव घेतलं की माणूस लपवतो. लपवलं की तीच चूक पुन्हा होते. एका माणसाच्या एका क्लिकनं सगळं पडत असेल तर दोष क्लिकचा की तसं बांधणाऱ्याचा?” बरोबर आहे तिचं. गीतेची पाच कारणं तिनं न वाचता सांगितली. आमच्याकडे याच्या अगदी उलट, ‘जबाबदारी निश्चित करावी’ असा शेरा येतो आणि जबाबदारी उतारावरच्या पाण्यासारखी सगळ्यात खालच्या माणसापाशी जाऊन थांबते.

ती तशी थांबली की काय होतं हे ब्रिटनच्या पोस्ट खात्यानं जगाला दाखवलं. फुजित्सूच्या होरायझन नावाच्या प्रणालीवर 1999 पासून पोस्टाचे हिशेब आले. प्रणाली तूट दाखवायची, आणि ती भरून द्यायची जबाबदारी लहान पोस्ट चालवणाऱ्यांवर यायची. 2015 पर्यंत 900 हून अधिक जण चोरी, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरले. कोणी तुरुंगात गेलं, कोणाचं घरदार विकलं गेलं. अशी तक्रार फक्त तुमचीच आहे, असं अनेकांना सांगण्यात आलं होतं. प्रणालीत खरोखर दोष होते हे उच्च न्यायालयानं 2019 मध्ये म्हटलं आणि 2024 मध्ये संसदेला कायदा करून त्या शिक्षा पुसाव्या लागल्या. तिथेही एका बाजूला मोठी सरकारी मालकीची कंपनी, दुसऱ्या बाजूला मोठी खाजगी कंपनी, मध्ये दोन्हीकडचे इंजिनिअर, वकील, व्यवस्थापक, आणि टोकाला गावातलं एक काउंटर. पाच कारणांतली चार वरच्यांनी आपल्या बचावाला ठेवली आणि काउंटरवरच्या माणसाला एकट्यालाच कर्ता ठरवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की धर्मानं आपल्याला दोन हिशेब दिले आणि आपण त्यांची अदलाबदल केली. पाच कारणांचा हिशेब दुसऱ्याकडे बघताना वापरायचा. त्या मुलाला दिवसाला किती उतारे टाइप करायचे होते, अक्षर लागत होतं का, वीज होती का. तीन प्रकारांचा हिशेब स्वतःकडे बघताना वापरायचा. मी केलं का, मी करवलं का, मी मान डोलावली का. कचेरीत, मग ती सरकारी असो की हिंजवडीतली, दुसऱ्यासाठी कृत-कारित बाहेर काढतात आणि स्वतःपुरती पाच कारणं, त्यातही विशेष करून दैव. ज्ञानेश्वरी वाचणारेही याला अपवाद नाहीत. निरहंकारी होणं सोपं नसतं, हे आमचे महाराज दर एकादशीला सांगतात. चूक अंगावर घ्यायची वेळ आली की मात्र ते फार सोपं होतं, बढतीच्या वेळी पुन्हा अवघड.

त्या बाईंचं नाव जमीन महसूल संहितेच्या कलम 155 खाली पुन्हा लागलं. लेखनप्रमादाची दुरुस्ती. त्या कलमात चूक दुरुस्त करायची सोय आहे, ती कोणाकोणाच्या हातून गेली हे लिहून ठेवायची नाही. इतर हक्कांतला बोजा तसाच राहिला.

जे अजून नोकरीत आहेत त्यांना, आणि ज्यांच्या कंपनीत ‘अप्रूव्ह’चं बटण आहे त्यांनाही, माझी एक विनंती आहे. ‘सादर’ लिहिण्याआधी एक ओळ लिहा: मी यातलं काय तपासलं. आणि शक्य असेल तर दुसरी: काय तपासलेलं नाही. टिपणी पिवळी असते तोवर त्यात भरपूर जागा असते, आणि दोन ओळी लिहायला शासन निर्णय लागत नाही.