कठडा कोणी बांधावा?

मुंबईत पोट भरते, पण मुंबईचे भाडे परवडत नाही, अशी असंख्य कुटुंबे शहराबाहेर स्वस्त खोली शोधतात. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शीळफाटा येथे परवानगीविना उभारली जात असलेली बहुमजली इमारत कोसळली आणि ७४ जण मृत्युमुखी पडले. वरचे मजले अपुरे असतानाच खाली बिऱ्हाडे थाटली गेली होती.

‘धोका पत्करून ते स्वतःच राहायला गेले ना?’ असे आपण सहज म्हणून जातो. परंतु ज्याच्यापुढे दुसरे दारच उघडे नाही, त्याच्या होकाराला संमती म्हणावे काय?

भाषांतर करताना अनुवाद २२:८ पाशी मी नेहमी थबकतो. नवे घर बांधणाऱ्याने धाब्याला कठडा करावा, नाहीतर तेथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष घरावर येईल, असा तेथील नियमाचा आशय आहे. धाब्यावर जाणाऱ्याने जपून चालावे, असे तो सांगत नाही. जबाबदारी घरधन्यावर टाकतो.

आपणही एखादी खोली भाड्याने देत असाल. भाडे ठरवण्यापूर्वी तिचे छत, जिना, विजेच्या तारा पाहा. भाडे कमी घेतले म्हणून कठड्याचे ऋण फिटत नाही.