काट्याचा न्याय

वजनमापे खात्यात राज्य सरकारची नोकरी करून मी निवृत्त झालो. बेळगाव, संकेश्वर, निपाणीच्या बाजारांतले काटे तपासणे, वजनांवर मोहोर उठवणे आणि खोटी वजने जप्त करणे यांत उमेदीचा काळ गेला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये विनेश फोगट ५० किलो गटाच्या अंतिम लढतीपूर्वी अवघ्या १०० ग्रॅमने अपात्र ठरली. तेव्हा काकतीच्या कट्ट्यावर मला विचारणा झाली, "काय साहेब, शंभर ग्रॅमसाठी एवढी कठोर शिक्षा?" मी म्हणालो, "काट्याने दया दाखवायची नसते." ते उत्तर मला आजही चुकीचे वाटत नाही. अपुरे मात्र वाटते.

आज शंभर ग्रॅमची सूट दिली, तर उद्या दोनशेची मागणी येणार. रेषा पुढे सरकते, प्रश्न तिथेच राहतो. पण आदल्या सकाळी ५० किलोंत बसलेली, त्याच दिवशी तीन लढती जिंकलेली ही मुलगी रात्रभर घाम गाळत होती. शेवटी तिचे केसही कापले गेले. खरा प्रश्न त्या शंभर ग्रॅमचा नसून त्या रात्रीचा आहे.

निपाणीच्या तंबाखू बाजाराने मला एक धडा दिला. पानाला पाणी मारले की वजन वाढते. काटा अचूक असतो, वजनावर सरकारी मोहोर असते आणि तरीही फसवणूक होते. म्हणून जाणता व्यापारी काट्याकडे पाहण्याआधी पान मुठीत दाबून ओल पाहतो. तिथे पाणी घालून वजन चढवतात. आखाड्यात माणसातले पाणी काढून वजन उतरवतात. दोन्हीकडे काटा खरे बोलतो, पण त्याला विचारलेला प्रश्नच अपुरा असतो.

वजनगट मुळात दयाबुद्धीतून आले. आपल्याकडच्या जत्रांच्या मैदानांत वस्ताद नजरेने जोड ठरवीत. नजर चुकली तर हलक्या गड्याचे हाड मोडे. ते टाळण्यासाठी काटा आला, हे योग्यच झाले. परंतु दुर्बळाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमाचा आधार घेऊन बलवान माणूस दुर्बळाच्या गटात शिरू लागला. मिक्स्ड मार्शल आर्ट्स या, ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळात बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी वजन होते. खेळाडू अंगातले काही किलो पाणी घालवून काट्यावर चढतो आणि नंतर ते भरून काढू पाहतो. पाणी आटले की रक्ताचे प्रमाण घटते, हृदयावर आणि मूत्रपिंडांवर ताण येतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नाही. आणि सर्वांनीच हे केले की लाभ कोणालाच होत नाही. धोका मात्र सर्वांच्या वाट्याला येतो.

हा धोका कल्पनेतला नाही. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत वजन उतरवताना तीन महाविद्यालयीन मल्ल काही आठवड्यांच्या अंतराने दगावले. त्यानंतर तेथील महाविद्यालयीन कुस्तीत रबरी पोशाख आणि बाष्पस्नान यांवर बंदी आली, लघवीच्या घनतेवरून अंगातले पाणी तपासले जाऊ लागले आणि वजन लढतीच्या अगदी जवळ आणले गेले. डिसेंबर २०१५ मध्ये मनिला येथे यांग जियान बिंग हा तरुण चिनी लढवय्या लढतीपूर्वीच मरण पावला. त्यानंतर ती स्पर्धा भरविणाऱ्या 'वन चॅम्पियनशिप'ने वजनाबरोबर पाण्याची तपासणी आणली. थोडक्यात, निपाणीचा व्यापारी जे मुठीने करतो, ते त्यांनी नियमाने केले. वजन केव्हा करता, एवढे बदलून भागत नाही. विनेशचे वजन तर लढतीच्याच सकाळी झाले होते. काय मोजता, हेही बदलावे लागते.

काही जण म्हणतात, सज्ञान माणूस स्वेच्छेने धोका पत्करतो, त्यात इतरांनी का पडावे? पण जिथे नकार देणाऱ्याच्या समोर आपल्याहून थोराड प्रतिस्पर्धी उभा राहतो, तिथे स्वेच्छा कितीशी उरते? आणि तालमीतली मुले सज्ञान तरी कुठे असतात? माझा भाचा पंधरा वर्षांचा असताना एका स्पर्धेसाठी दोन दिवस पाण्यावाचून राहिला होता. उन्हात दोन स्वेटर घालून पळाला, वजनात बसला, आणि घरी येऊन अंगणातच कोसळला. सुदैवाने तो सावरला. काट्यावर तो बसला हे ऐकून मी त्याची पाठ थोपटली होती. बाजारातला भिजवलेला माल ओळखणाऱ्या मला घरातले सुकलेले पोर ओळखता आले नाही. ती शाबासकी मला आजही बोचते.

खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलो गटात लढले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवले. वरच्या गटात जाणे म्हणजे माघार नव्हे, हे मुलांना सांगण्यासाठी आपल्याजवळ याहून चांगला दाखला कोणता?

आपल्या सीमाभागातल्या तालमींना एवढे सहज करता येईल: हंगामाच्या आरंभीच, पोटभर जेवलेल्या आणि पाणी प्यायलेल्या मुलाचे वजन घ्यावे, त्यावरून त्याचा गट ठरवावा आणि स्पर्धेच्या तोंडावर तो खाली आणू देऊ नये. काटा कठोरच असावा. पण त्यावर उभ्या राहणाऱ्या मुलाला शेवटचे पाणी कधी प्यायलास, हे आधी कोणीतरी विचारलेले असावे.