यकृताला आलेला सांगावा

कावीळ बघायची तर रुग्णाला खिडकीशी न्यावं, खाली बघायला सांगून वरची पापणी उचलावी. ट्यूबलाइटच्या उजेडात पिवळेपणा हुलकावणी देतो. दारूने यकृताला सूज आलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो हळदीसारखा उतरलेला असतो. "डॉक्टर, सूज उतरायचं औषध द्या ना," असं घरचे म्हणतात. मागणी रास्तच आहे. पण ही सूज कशाची, ते आधी समजून घ्यायला हवं.

यकृतात येणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण हिस्सा आतड्यांकडून येतो. त्यात अन्नरसासोबत जिवाणूंच्या कवचाचे तुकडेही असतात. रक्ताच्या वाटेवर बसलेल्या कुफर पेशी ते टिपतात. दारूने आतड्याचं अस्तर पाझरू लागलं की तुकडे वाढतात आणि कुफर पेशी शेजारपाजारी सांगावा धाडतात. सायटोकाइन नावाची छोटी प्रथिनं म्हणजे हा सांगावा. त्यांतलंच एक टीएनएफ, म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर. 1975 मध्ये न्यूयॉर्कच्या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं ते ट्यूमर नष्ट करणारं द्रव्य म्हणून. नावातच नाश आला, आणि त्या नावाने पुढे बरीच दिशाभूल केली, असं मला वाटतं.

कारण निरोगी यकृतपेशी नुसत्या टीएनएफने मरत नाही. टीएनएफ पेशीला येऊन चिकटलं की आत दोन हालचाली सुरू होतात. एक पेशीला मरणाकडे नेते, दुसरी बचावाची प्रथिनं बनवायला लावते. धडधाकट पेशीत बचाव आधी उभा राहतो. प्रयोगशाळेत पेशीचं नवी प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडलं, की तेवढ्याच टीएनएफने तीच पेशी मरते. दारूचं काम थोडं वेगळं, पण परिणाम त्याच दिशेचा. ती पेशीतल्या ऊर्जाकेंद्रांमधला ग्लुटाथायोन या बचावद्रव्याचा साठा आटवते, आणि पेशी त्या सांगाव्यापुढे उघडी पडते.

या सांगाव्याला दुसरी बाजूही आहे. उंदराच्या यकृताचा दोन तृतीयांश भाग काढला तरी आठ-दहा दिवसांत ते जवळजवळ पूर्ववत होतं. टीएनएफ ज्याला चिकटतं तो पेशीवरचा ग्राही नसलेल्या उंदरांत मात्र ही वाढ रखडते. इंटरल्युकिन-6 हे दुसरं सायटोकाइन नसलेल्यांतही तेच. म्हणजे जखमेची वर्दी देणारे रेणूच भरून काढण्याचंही काम सुरू करतात.

कदाचित यामुळेही टीएनएफ अडवणारी औषधं या आजारात अंगाशी आली. इन्फ्लिक्सिमॅबची फ्रान्समधली चाचणी मधेच थांबवावी लागली. एटानरसेप्टच्या 2008 च्या चाचणीत औषध घेणाऱ्यांतच सहा महिन्यांअखेर जास्त मृत्यू झाले. आजार गंभीर असेल तर काही निवडक रुग्णांना स्टिरॉइड देतात, तेही जंतुसंसर्ग नाही ना हे बघूनच.

घरच्यांना मी सांगतो, दारू पूर्ण बंद. जेवण थोडं थोडं, पण अनेकदा, आणि त्यात डाळ, अंडं, दही हवंच. रात्री झोपण्याआधीही काहीतरी खायला द्या, यकृताला रात्रभर उपाशी ठेवू नका.