कोठडीला पत्ता असावा

बसमध्ये बॉम्ब फुटल्याची बातमी रेडिओवर लागली की पुढचा अर्धा तास कसा जातो, हे आपल्या घरांना सांगावयास नको. मुलगा कामावर पोहोचला का, सून बाजारातून परतली का, म्हणून फोन फिरविताना हात कापतात. अशा वेळी कोणी विचारले की, असल्या संशयितांना धरून कुठेतरी अंधारात टाकले, कोणाला पत्ता लागू दिला नाही, तर चालेल काय? आपल्यापैकी बहुतेक जण 'खुशाल टाका' म्हणतील. आम्हीही म्हणालो असतो. म्हणूनच हा विचार शांत डोक्याने करावयास हवा.

२००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यांनंतर अमेरिकेच्या सी.आय.ए. या गुप्तचर खात्याने परदेशांत गुप्त तुरुंग चालविले. २००६ साली राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ते उघडपणे मान्य केले. २०१४ साली सिनेटच्या समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात ११९ कैद्यांची मोजदाद आहे. त्यांपैकी निदान २६ जणांना धरणे खात्याच्या स्वतःच्या निकषांतही बसत नव्हते.

त्यांतला एक खालेद एल-मसरी. लेबनीज वंशाचा हा जर्मन नागरिक ३१ डिसेंबर २००३ रोजी बसने मॅसेडोनियात, म्हणजे आजच्या उत्तर मॅसेडोनियात, शिरत असता सरहद्दीवर पकडला गेला. त्याचे नाव एका संशयिताच्या नावासारखे होते. स्कोप्ये शहरातील हॉटेलात त्याला २३ दिवस कोंडले, मग सी.आय.ए.च्या हवाली केले. तेथून अफगाणिस्तानातील कोठडी. चूक लक्षात आल्यावरही सुटका लांबत गेली. अखेर २८ मे २००४ रोजी त्याला विमानाने अल्बानियात नेऊन एका रस्त्यावर सोडून दिले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय?

तो जर्मनीत घरी पोहोचला, तो घर रिकामे. पाच महिने नवऱ्याचा निरोप नाही म्हणून बायको मुलांना घेऊन लेबनॉनला गेली होती. तिच्यावर तर कसलाच संशय नव्हता. मग तिला ही शिक्षा कोणी दिली, आणि कोणत्या कलमाखाली?

कोणी म्हणेल, अटक जाहीर केली तर साथीदार सावध होतील. यात तथ्य आहे, आणि तपास गुप्त ठेवावयास आमची हरकत नाही. काय विचारले, काय सापडले, ते झाकून ठेवा. पण माणूस झाकून ठेवू नका. तो आमच्या ताब्यात आहे, जिवंत आहे, एवढे न्यायाधीशास व घरच्यांस कळलेच पाहिजे. तो निरपराध असेल म्हणून नव्हे. अपराधी असला तरीही. कारण तो अपराधी की निरपराध, हे ठरविण्याची वाटच त्या गुप्ततेने बंद होते. जेथे कोणी विचारू शकत नाही, तेथे चूक दुरुस्त तरी कोण करणार?

एल-मसरीने अमेरिकेत दाद मागितली. सरकारी गुपिते फुटतील म्हणून तेथील न्यायालयांनी दावा ऐकलाच नाही. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने मात्र १३ डिसेंबर २०१२ रोजी मॅसेडोनियाला जबाबदार धरून ६०,००० युरो भरपाई देवविली. माणसांना बेपत्ता करण्याविरुद्ध संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली केलेला करारही सांगतो की, युद्ध असो वा आणीबाणी, याला कोणतीही सबब चालणार नाही. आणि घरच्यांनाही तो पीडितच मानतो.

वाचकहो, बॉम्बच्या बातमीनंतर आपण फोन फिरवितो तेव्हा आपले मागणे एवढेच असते : तो कुठे आहे, ते सांगा. त्या बाईचेही मागणे तेवढेच होते. आपण अर्धा तास काढतो. तिने पाच महिने काढले.