संग्रह आणि श्रवण

एखादी वस्तु आपली आहे असें केव्हां म्हणावें, हा प्रश्न शेत, घर किंवा दागिना यांच्या बाबतींत कायद्यानें सोडविला आहे. गाण्याच्या बाबतींत तो शेंकडों वर्षें उद्भवलाच नव्हता; कारण गवयी उठला कीं गाणें संपलें, आणि उरली ती ऐकणाराच्या मनांतील आठवण. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांचा आवाज तबकडीवर उतरविण्यांत आला, तेव्हां ही स्थिति पालटूं लागली. आज संगणकाशेजारीं ठेवलेल्या तळहाताएवढ्या पेटींत वर्षानुवर्षें पुरेल इतकें गाणें मावतें. म्हणून विचारावेंसें वाटतें कीं, ज्याच्या संग्रहीं गाणें आहे त्याला तें लाभलें असें म्हणतां येईल काय ?

या संग्रहाचें गणित समजून घेण्याजोगें आहे. मनुष्याचा कान दर सेकंदास सुमारें वीस हजार कंपनांपर्यंतचा ध्वनि ऐकूं शकतो. आणि ध्वनिलहरीचें रूप पुन्हां उभें करावयाचें तर तींतील सर्वांत वरच्या कंपनसंख्येच्या दुपटीहून अधिक वेळां तिचें माप घ्यावें लागतें. म्हणून १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कमध्यें दर सेकंदास ४४,१०० मापें घेतात व प्रत्येक माप १६ बिटांत लिहितात. या हिशेबानें, दोन्ही कानांचा ध्वनि धरून, तासाभराच्या गाण्यास सुमारें ६३५ मेगाबाइट जागा लागते. एमपीथ्री पद्धतींत कानास जाणवणार नाहीं असा भाग गाळून ही जागा पुष्कळच कमी करतात. परंतु गाळलेलें परत मिळत नाहीं. फ्लॅक पद्धतींत एक बिटहि न गमावतां तेंच गाणें बहुधा अर्ध्याहून थोड्या अधिक जागेंत बसतें. ताशीं ३५० मेगाबाइट धरले, तर दोन टेराबाइटांच्या पेटींत साडेपांच हजारांहून अधिक तास गाणें राहील. रोज नेमानें दोन तास ऐकणारास तें एकदां ऐकून संपविण्यास साडेसात वर्षांहून अधिक काळ लागेल.

अशा संग्राहकाची थट्टा करणें सोपें आहे, पण तें न्याय्य नाहीं. अल्लादियाखाँ १९४६ सालीं वारले. त्यांच्या गायकीची थोरवी आपण शिष्यांच्या गाण्यावरून व ऐकणारांच्या साक्षीवरून मानतों. त्यांचा स्वतःचा स्वर आपल्या कानीं पडण्याचा मार्ग उरलेला नाहीं. शिवाय पूर्वींच्या मैफली बहुधा दरबारांत व धनिकांच्या दिवाणखान्यांत होत. ज्यांना त्या दारांतून आंत शिरतांच येत नसे, त्यांना ध्वनिमुद्रणानें गाणें ऐकविलें. तेव्हां गेलेला काळ आठवून संग्रहास नांवें ठेवणें म्हणजे या लोकांस पुन्हां दाराबाहेर उभें करण्यासारखेंच होय.

तथापि प्रामाणिकपणा दोन प्रकारचा असतो : एक यंत्राचा ध्वनीशीं, दुसरा श्रोत्याचा गाण्याशीं. पहिला मोजतां येतो, म्हणून त्याची हांव धरतां येते. ४४,१०० मापांच्या जागीं ९६,००० हवींत, मग १,९२,००० हवींत. ध्वनिमुद्रण करणारास अशीं अधिक मापें उपयोगी पडतात. परंतु १९३७ सालीं दिवंगत झालेल्या अब्दुल करीमखाँ यांच्या तबकडींत मूळ मायक्रोफोननें जें टिपलेंच नाहीं, तें कितीहि मापें वाढविलीं तरी निर्माण होणार नाहीं. तरीहि त्या खरखरीतून येणारा स्वर मनाचा ठाव घेतो. उलट, निर्दोष यंत्रासमोर बसून केवळ यंत्राचीच परीक्षा करीत राहणारा पुरुष सबंध संध्याकाळ घालवूनहि गाण्यावांचून उठूं शकतो.

दुसरी अडचण याहून खोल आहे. मैफलींत बसलेल्या श्रोत्यास विलंबित ख्याल पुढें ढकलतां येत नसे. राग उलगडेपर्यंत थांबणें त्याला भाग पडे, आणि त्या थांबण्यांतच रागाची ओळख होई. संग्राहकाच्या बोटाखालीं पुढचें गाणें सदैव सिद्ध असतें. कोणी म्हणेल, स्वातंत्र्य वाढलें यांत वाईट काय ? वाईट कांहींच नाहीं. मात्र जें काम पूर्वीं परिस्थिति करीत असे, तें आतां आपल्या निश्चयास करावें लागतें. पानें न कापलेल्या पुस्तकांचा धनी विद्वान् ठरत नाहीं, हें आम्हां शिक्षकांस कोणीं सांगावयास नको. संग्राहकासहि तोच न्याय लागूं आहे.

माझ्या मतें संग्राहक हा गाण्याचा मालक नसून विश्वस्त आहे. ठेव अभंग राखणें हें त्याचें पहिलें कर्तव्य. पेटी एके दिवशीं बंद पडणारच, म्हणून दुसरी प्रत दुसऱ्या ठिकाणीं ठेवावी व ती शाबूत आहे कीं नाहीं हें अधूनमधून तपासावें. दुसरें कर्तव्य नांवांचें. गौहरजान गाण्याच्या अखेरीस आपलें नांव स्वतः उच्चारीत. तबलजी व सारंगीवाला यांना ती सोय नव्हती. आजच्या सूचींतहि कलावंत, संच व शीर्षक यांचे रकाने आधीं भरतात आणि साथीदार बहुधा वगळले जातात. ज्याला साथ कोणाची हें ठाऊक आहे, त्यानें तें लिहून न ठेवणें हा अन्याय होय. आणि तिसरें कर्तव्य ऐकण्याचें. तें सर्व साडेपांच हजार तासांपुरतें कोणासहि पाळतां येणार नाहीं, व तशी अपेक्षाहि नाहीं. परंतु एखादा राग पुनःपुन्हां ऐकून, त्याचा स्वभाव पेटी बंद असतांहि मनांत जागा होण्याइतका परिचय ज्यानें करून घेतला, त्याच्यापुरता आरंभींचा प्रश्न सुटला. तेवढें गाणें त्याचें झालें. बाकीचें तो दुसऱ्या कोणासाठीं तरी जपून ठेवीत आहे, आणि हेंहि काम कमी मोलाचें नाहीं.