स्थिर दुःख आणि हलती दृष्टी

सृष्टीतील काही रहस्ये ज्ञान वाढवून थांबत नाहीत. ती आपल्याला प्रश्न विचारतात. माशाचा डोळा हे असेच एक रहस्य आहे.

दृष्टिपटलातील प्रकाशग्राही पेशी अंधारात अखंड रासायनिक संदेश सोडत असतात. प्रकाश पडला की तो संदेश मंदावतो. जपानी शास्त्रज्ञ त्सुनेओ तोमिता यांनी १९६५ मध्ये कार्प माशाच्या एकेका शंकुपेशीतून विद्युत्-नोंदी मिळवल्या, तेव्हा प्रकाशाने पेशीचा विद्युत्दाब अधिक ऋण होतो, असे दिसले. पुढे १९७० मध्ये अकिमिची कानेको यांनी गोल्डफिशच्या दृष्टिपटलातील आतल्या पेशी तपासल्या. त्यांतील ॲमाक्राइन पेशी दिवा लागताच क्षणभर जागतात, विझताच पुन्हा जागतात; मधल्या स्थिर उजेडात मात्र बहुधा शांत राहतात. त्यांना वार्ता हवी असते ती बदलाची.

मनुष्याचीही गत निराळी नाही. १९५२-५३ मध्ये ब्रिटन व अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत डोळ्याच्या हालचालीबरोबरच प्रतिमाही हलेल अशी योजना केली गेली. पटलावर स्थिरावलेली ती प्रतिमा काही सेकंदांतच विरून गेली. वस्तू समोर होती. दृष्टीला ती नव्हती.

येथे आमच्या मनात नैतिक प्रश्न उभा राहतो. घरात कोणी अंथरुणाला खिळले की पहिल्या आठवड्यात शेजारपाजार धावून येतो. पाचव्या वर्षी त्या दारावरून सारे निमूटपणे जातात. दुःख कमी झालेले नसते, ते केवळ बदललेले नसते. इंद्रियांची घडणच अशी असेल, तर या विस्मरणाचा दोष कोणाला द्यावा?

सवयीने संवेदना बोथट होणे हा अपराध नव्हे, असे आम्हांस वाटते. जो प्रत्येक वेदना सदैव पहिल्या दिवसासारखी अनुभवील, त्याला जगणेच अशक्य होईल. परंतु त्याच डोळ्याने आपल्या उणिवेवर उपायही योजला आहे. टक लावून पाहतानाही डोळा सूक्ष्म कंप पावत राहतो आणि विरू पाहणारे चित्र पुन्हा उजळते. जग न बदलले तरी पाहणारा हलतो, म्हणून दिसते.

डोळ्याचे हे हलणे आपोआप घडते; सद्सद्विवेकबुद्धीला मात्र ते संकल्पाने करावे लागते. ठरल्या वारी त्या दारी जाणे, नवे काही घडले नसतानाही "कसे आहात?" असे विचारणे, हे कर्तव्य भावनेच्या लाटेवर सोडता येत नाही. न दिसणे क्षम्य असेल. न हलणे क्षम्य नाही.