किळस आणि न्याय

हल्ली मोबाइलवरच्या चित्रफितींत एक दृश्य वारंवार दिसते. घामाघूम झालेला वडेवाला उघड्या हातांनी बटाटा कालवतो आहे. पाहणाऱ्याला शिसारी येते, आणि त्या शिसारीलाच तो आरोग्यशास्त्र समजून बसतो. वस्तुतः डोळ्यांना मळ दिसतो, जंतू दिसत नाहीत. तोच वडा कढत्या तेलातून निघतो तेव्हा बहुतेक जंतू मेलेले असतात. विषमज्वर किंवा कावीळ येते ती बहुधा स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यातून, बर्फातून, कच्च्या चटणीतून. ते टिपणार कसे? मग टिपला जातो हात. तोही गरिबाचा, कारण त्याच्या स्वयंपाकघराला दार नसते. (बड्या हॉटेलांच्या मुदपाकखान्यात असा फुकट शिरकाव कोणाला मिळतो?)

म्हणून विक्रेता निर्दोष ठरतो, असे मुळीच नाही. गिऱ्हाइकाचे पोट त्याच्या हवाली असते, आणि गरिबी ही काही कोणाला आजारी पाडण्याची सनद नव्हे. पण हात धुवायला नळ लागतो. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांच्या उपजीविकेला संरक्षण दिले. नळ मात्र कितीतरी गाड्यांपाशी अजून नाही. सकाळी भरून आणलेल्या दोन बादल्यांतच रात्रीपर्यंत ताटल्याही विसळायच्या आणि हातही.